प्रौढांमधील अवधान-न्यूनता
सौंसर तहसिलीतील बोरगाव येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी एखादा होतकरू कामगार मनापासून झटतो. तरी अर्जाची मुदत हुकते, किल्ल्या हरवतात, हाती घेतलेले काम अर्धवट राहते. घरची मंडळी त्यास वेंधळा ठरवून मोकळी होतात. वस्तुतः हा अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, हा विकार असू शकतो.

अलेक्झांडर क्रिक्टन या वैद्याने १७९८ मध्येच ढळत्या अवधानाचे वर्णन केले होते. तथापि हा केवळ मुलांचा विकार, ही समजूत दीर्घकाळ टिकली. प्रौढपणी बाह्य धावपळ ओसरते; आतील अस्वस्थता व विसराळूपणा मात्र उरतो.

निदानासाठी काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वीची असावी लागतात. यास्तव तपासणीस आईला अथवा थोरल्या भावंडास सोबत न्यावे. जुनी प्रगतिपुस्तके रद्दीत घालू नयेत! रात्रपाळीमुळे झोप अपुरी झाल्यासही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून पाळीची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. कामे लिहून ठेवणे, किल्लीची जागा ठरविणे, मोठ्या कामाचे लहान भाग पाडणे, यांचाही लाभ होतो.

प्राथमिक सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध आहे.