सोन्याऐवजी कागद

क्विलिंगची कानातली आता प्रत्येक प्रदर्शनात दिसतात. कागदाची चिंचोळी पट्टी सुईभोवती गुंडाळायची, ही त्यांची साधी रीत. हीच रीत युरोपातल्या कॅथलिक मठांमधल्या भगिनींनी एकेकाळी प्रार्थनेसारखी जपली होती.

त्याआधीची पावलं आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेन शहरात दिसतात. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे रुग्णसेवा करणाऱ्या भगिनींच्या मठात लाकडी पेट्यांमध्ये ‘बंदिस्त बागा’ फुलल्या. मधोमध लाकडी संतमूर्ती, भोवती तारेवर रेशीम गुंडाळून केलेली फुलं-पानं, त्यांत खोचलेले संतांच्या अस्थींचे तुकडे आणि मेणाच्या मुद्रा. अशा सात पेट्या तिथल्या हॉफ व्हान बुस्लेडन संग्रहालयात आहेत.

सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समधल्या कार्मेलाइट आणि उर्सुलाइन मठांत कागदाचं काम बहराला आलं. पट्टी जेमतेम काही मिलिमीटर रुंद, तिच्या एका कडेला सोनेरी मुलामा. वेटोळं करून ती उभी चिकटवायची, म्हणजे कागद लपतो आणि सोनेरी कड तेवढी वर राहते. दोन हातांवरून पाहणाऱ्याला ते सोनाराचं तारकाम वाटतं. वेटोळ्यांच्या मधे संताच्या अस्थीचा कण आणि बारीक अक्षरांत त्याच्या नावाची चिठ्ठी. काही चौकटींत पोपने आशीर्वादित केलेली, कोकराचं चित्र उमटवलेली मेणाची चकतीही असे.

अस्थीचा तो कण भगिनींच्या लेखी अमोल होता. त्याला कोंदण करायला गरिबीचं व्रत घेतलेल्या हातांत कागद, मेण, धागा एवढंच होतं. पण वेळ मात्र भरपूर होता, आणि तो त्यांनी हात न राखता दिला. बहुतेकींनी कामावर नावही घातलं नाही.

१७९० मध्ये फ्रान्समध्ये मठव्रतांवर बंदी आली, १७९२ मध्ये मठ रिकामे झाले. पुढच्या शतकात हे काम पुन्हा सुरू झालं, पण तोवर कारखान्यातली, यंत्राने जाळी कापलेली संतचित्रं स्वस्तात मिळू लागली होती.

भगिनींचा असा एक मठ आपल्याकडेही होता; जुन्या गोव्यात १६०६ साली स्थापन झालेल्या त्या सांता मोनिका मठात आज ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथे गेलात तर चांदीपाशी थांबाल तेवढाच वेळ कापड आणि धाग्यापाशीही थांबा.