निमोच्या घराची पन्नास वर्षं

मे २००३मध्ये ‘फाइंडिंग निमो’ पडद्यावर आला आणि केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे मिरवणारा बोटभर क्लाऊनफिश घरोघरी पोचला. सिनेमात एक दातांचा डॉक्टर निमोला पकडून काचेच्या टाकीत टाकतो. तेव्हापासून या माशाची काळजी वाहणाऱ्यांचा रोख टाकी ठेवणाऱ्या हौशी लोकांवर राहिला. पण गेल्या पन्नास वर्षांतल्या नोंदी ओळीनं वाचल्या, तर खरं संकट भलतीकडेच दिसतं.

हा मासा समुद्रफुलात राहतो. प्रवाळभित्तीवर चिकटलेल्या या प्राण्याच्या डंखानं इतर लहान मासे गारद होतात. क्लाऊनफिशला मात्र अंगावरचा बुळबुळीत थर वाचवतो. मासा समुद्रफूल कुरतडणाऱ्यांना हुसकावतो आणि त्याच्या विष्ठेतून यजमानाला खत मिळतं. एका समुद्रफुलात सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर आणि मग उमेदवार, अशी उतरंड असते. मादी मेली की नरच मादी होतो आणि पहिल्या उमेदवाराला नराची जागा मिळते. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७मध्ये ‘नेचर’मध्ये ही लिंगबदलाची गोष्ट मांडली. पुढे सिनेमाच्याच वर्षी पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या मदांगजवळ दाखवून दिलं, की धाकटा मासा थोरल्याच्या साधारण ८० टक्के आकारावर आपली वाढ रोखून धरतो. थोरल्याच्या बरोबरीला येईल इतका वाढला, तर हकालपट्टी ठरलेली!

त्याच देशातल्या किंबे उपसागरात पुढचा शोध लागला. इथं नर समुद्रफुलाच्या बुडाशी असलेला खडक तोंडानं घासून साफ करतो आणि मादी त्यावर केशरी अंडी चिकटवते. मग आठवडाभर नर कल्ल्यांजवळचे पर हलवत अंड्यांवर ताजं पाणी खेळवत राहतो आणि मेलेली अंडी वेचून काढतो. अंड्यांतून चंदेरी डोळे दिसू लागले, की अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर पडून उघड्या समुद्रात जातात. ती जातात कुठं? संशोधकांनी माद्यांना बेरियमच्या एका समस्थानिकाचं इंजेक्शन दिलं. त्याची खूण पिल्लांच्या कानातल्या हाडांत उतरली. २००७मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आला: किंबे बेटावर वस्तीला आलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटावर जन्मलेली होती. म्हणजे एखादी भित्ती उजाड झाली, तर बाहेरून पाहुणे येऊन ती भरून काढतील, हा भरवसा फारसा धरता येत नाही.

त्यानंतरच्या नोंदींत उष्णता येते. २०१६च्या एल निनोत फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरिया बेटाभोवती पाणी तापलं. समुद्रफुलांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शेवाळं निघून गेली आणि समुद्रफुलं पांढरी पडली. अशा समुद्रफुलांतल्या माशांच्या शरीरात ताणाचं संप्रेरक वाढलं आणि त्यांचं प्रजनन ७३ टक्क्यांनी घटलं. पाणी निवल्यावर ती जोडपी काही महिन्यांत सावरली.

२०२३मध्ये किंबे उपसागर तापला, तेव्हा न्यूकॅसल विद्यापीठाचा चमू तिथं माशांची लांबी दर महिन्याला मोजत होता. अंगावरच्या खुणांवरून एकेक मासा ओळखायचा, पकडायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा. १३४पैकी १०० माशांची लांबी निदान एकदा तरी कमी झाली. ते रोडावले नव्हते, आखूडच झाले होते. असं आखडणाऱ्यांची जगण्याची शक्यता जास्तीत जास्त ७८ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. युक्ती थक्क करणारी आहे. पण उष्णतेच्या लाटा वरचेवर आल्या, तर मासा आखडून आखडून किती आखडणार?

राहिला बाजार. ‘फाइंडिंग डोरी’ या सिनेमाच्या पुढच्या भागानंतर शोभेच्या माशांची खरेदी वाढली का, हे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय क्लाऊनफिश टाकीतही अंडी घालतो. नवी मुंबईत ऐरोलीला त्याची पिल्लं वाढवण्याचं काम झालं आहे. टाकी मांडायचीच असेल, तर हॅचरीतलाच मासा मागा. तेवढ्यानं समुद्रातली धरपकड कमी होईल. समुद्रफुलं मात्र पाणी तापलं की पांढरी पडणारच, आणि कोळसा व तेल जाळणं कमी केल्याशिवाय ते पाणी तापायचं थांबणार नाही.