मुक्काम थोडे, समाधान मोठे

दिवाळीचे वहीपूजन आटोपले की अनेक व्यापारी घरांत उन्हाळी सुटीतील युरोपप्रवासाचा विषय निघतो. पेढी तीन आठवडे दुसऱ्याच्या हाती सोपवून सारे घर एकत्र निघण्याचा योग वारंवार येत नाही. त्यामुळे ‘एवढे जातोच आहोत, तर तेही पाहून घेऊ’ असे म्हणत पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, झुरिच, ल्युसर्न, व्हेनिस, रोम अशी यादी लांबत जाते. पाच वर्षांच्या नातवंडाचा आणि सत्तरीच्या आजीचा विचार त्या यादीत मागे पडतो.

प्रथम दिवसांचा हिशेब मांडावा. वीस रात्रींत सात शहरे म्हणजे सहा वेळा सामान बांधणे, स्थानक गाठणे आणि खोली ताब्यात मिळेपर्यंत ताटकळणे. लहान मुले बरोबर असता असा प्रत्येक दिवस जवळजवळ पूर्ण खर्ची पडतो. त्याच वीस रात्री पॅरिस, अँटवर्प, ल्युसर्न व रोम अशा चार मुक्कामांत वाटल्यास तीन दिवस हाती राहतात. पॅरिसला उतरून रोमहून परतीचे विमान धरले, तर उलटा प्रवासही टळतो. अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी उभारलेल्या संगमरवरी मंदिराचे दर्शन घडते. स्वित्झर्लंडमध्ये ६ वर्षांखालील मुलांना रेल्वेभाडे पडत नाही. त्यापुढे १६ वर्षांखालील मुलांना आई किंवा वडील सोबत असल्यास फॅमिली कार्डावर विनामूल्य प्रवास करता येतो.

वरील चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. लंडन जोडावयाचे असल्यास मात्र स्वतंत्र व्हिसा लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे अर्ज करावा. दिवस समान असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १२ वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मुलांच्या पारपत्राची मुदत ५ वर्षांचीच असते आणि शेंगेन देशांतून बाहेर पडल्यानंतरही ती किमान ३ महिने उरली पाहिजे, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते.

आहाराची तजवीज निवासापासून सुरू होते. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतल्यास कंदमुळांचा प्रश्न निम्मा सुटतो. खाखरे, मेतकूट, भाजणी, डाळ-तांदूळ बरोबर न्यावेत. परंतु तूप, पेढे व अन्य दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत. शिशुआहाराला ठरावीक मर्यादेत सवलत आहे. इटलीतील पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्य वापरून बनते आणि मुलांच्या चघळावयाच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते. म्हणून वर्ज्य पदार्थांची यादी स्थानिक भाषेत लिहून जवळ ठेवावी.

मेअखेरीस पॅरिसला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांना सायंकाळी सात वाजता निवांत भोजन करता येते. मुले मात्र उजेडामुळे झोपत नाहीत, म्हणून शयनगृहाला जाड पडदे आहेत ना, हे विचारून घ्यावे. डिसेंबरअखेर तेथेच पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो; दिवसाची आखणी त्यानुसार करावी लागते.

पैशांबाबत दोन गोष्टी. परकीय चलनाची कार्डे दोन प्रौढांकडे विभागून असावीत आणि स्वित्झर्लंडसाठी फ्रँक वेगळे घ्यावेत. सहलीच्या रकमेवर कापलेला टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्यासाठी पॅन अचूक नोंदवावा व प्रमाणपत्र जपून ठेवावे.

आरक्षणापूर्वी घरातील ज्येष्ठांनी यादी हाती घेऊन दोन-तीन शहरे खोडावीत. व्हेनिस पुढेही पाहता येईल. चालते-फिरते आजी-आजोबा आणि बोट धरून चालणारी नातवंडे पुन्हा एकत्र निघतील, याची शाश्वती नसते.