मुक्तस्रोताची वाट (लेखांक ९) : पीअरट्यूबला हातभार लावताना

गेल्या आठवड्यात आपण अ‍ॅक्टिव्हिटीपबची ओळख करून घेतली. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी चालवलेले सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात, हे त्यातून कळले. मजकूर आणि छायाचित्रे यांच्यापुरते ते फार अवघड नाही. व्हिडिओ आला की खर्च अंगावर येतो. बऱ्या दर्जाचे तासाभराचे व्याख्यान साधारण १ जीबीचे धरा. हजार जणांनी ते पूर्ण पाहिले, तर सर्व्हरमधून १ टीबी माहिती बाहेर जाते. एखादे ग्रंथालय, नाट्यसंस्था किंवा महाविद्यालय हा भार किती दिवस उचलणार? व्हिडिओचे जग मोजक्या कंपन्यांच्या हातात एकवटले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. पीअरट्यूब या मुक्त सॉफ्टवेअरने नेमका हाच प्रश्न हाती घेतला.

शोकोबोझ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१५ मध्ये ते स्वतःच्या हौसेने लिहायला घेतले. २०१७ मध्ये फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेने त्याला याच कामासाठी नोकरीवर घेतले. पुढच्या वर्षी लोकवर्गणी काढली. २० हजार युरोंचे आवाहन होते, जमले ५३ हजारांहून अधिक. ऑक्टोबर २०१८ मध्ये १.० आवृत्ती आली. त्याच वर्षी जूनमध्ये ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे सगळे व्हिडिओ यूट्यूबवर काही दिवस जगभर बंद पडले होते. ब्लेंडरच्या चॅनलवर जाहिराती नव्हत्या आणि वाद त्यावरूनच होता. व्हिडिओ परत आले, पण ब्लेंडरने स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभारला आणि तो आजही चालू आहे.

आता एक गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. फ्रामासॉफ्ट ही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालणारी, जेमतेम दहा-एक पगारी माणसांची संस्था आहे. पीअरट्यूबवर तर कित्येक वर्षे एकच पगारी प्रोग्रॅमर होता. त्यामुळे तुमच्या योगदानाची किंमत ठरते ती त्या टीमचे किती काम वाचले यावर. चारशे ओळींचा कोड पाठवणाऱ्याने तो वाचायला, तपासायला आणि पुढची दहा वर्षे सांभाळायला दुसऱ्या कुणाला तरी लावलेले असते. नवशिक्याला हे कुणी सांगत नाही. मग तो उत्साहाने मोठे काम करून पाठवतो, ते नाकारले जाते आणि तो दुखावून निघून जातो. यात दोन्ही बाजूंचे नुकसान होते.

म्हणून सुरुवात बग नोंदवण्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बग नोंदवणे हे दुय्यम काम मानले जाते, ते मला पटत नाही. पीअरट्यूबच्या बाबतीत तर त्यासाठी सगळी यंत्रणा समजून घ्यावी लागते. समजा, ‘अ’ सर्व्हरवरून तुम्ही ‘ब’ सर्व्हरवरचा व्हिडिओ पाहत आहात. ‘अ’कडे व्हिडिओचे शीर्षक, वर्णन, प्रतिक्रिया अशी माहिती आलेली असते, पण खरी फाइल ‘ब’कडेच असते आणि तुमचा ब्राउझर ती तिथूनच मागवतो. ‘अ’ने त्या व्हिडिओची प्रत मुद्दाम साठवून ठेवली असेल, तर ती त्याच्याकडूनही येऊ शकते. त्यातच तोच व्हिडिओ त्याच वेळी पाहणारे इतर प्रेक्षक त्याचे छोटे तुकडे वेबआरटीसी या तंत्राने एकमेकांच्या ब्राउझरला थेट पुरवतात. सर्व्हरचा भार हलका होतो तो इथे. पूर्वी यासाठी वेबटॉरेंट आणि एचएलएस अशा दोन पद्धती होत्या. २०२३ च्या अखेरीस आलेल्या ६.० आवृत्तीने वेबटॉरेंटला निरोप दिला.

आता व्हिडिओ अडखळला, तर दोष कुणाचा? ‘अ’चा, ‘ब’चा, तुमच्या ब्राउझरचा, ऑफिसच्या फायरवॉलचा, की सॉफ्टवेअरचा? “व्हिडिओ चालत नाही” एवढीच नोंद केली, तर हा सगळा शोध प्रोग्रॅमरच्या माथी येतो. तो तुम्ही घ्या. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा. एक्स्टेन्शन बंद करून पाहा. प्रेक्षकांमधल्या या थेट देवाणघेवाणीची, म्हणजे पीअर-टू-पीअरची सोय बंद केल्यावर फरक पडतो का, ते तपासा. मूळ सर्व्हरवर जाऊन तोच व्हिडिओ लावा. तिथेही अडखळत असेल, तर त्याच सर्व्हरवरचे दुसरे व्हिडिओ लावून बघा. सगळेच अडखळत असतील, तर गाऱ्हाणे बहुधा त्या सर्व्हरच्या चालकाकडे न्यायला हवे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे नव्हे. एकच फाइल बिघडलेली असेल, तर ती कोणत्या कोडेकमध्ये आहे, हे एफएफएमपेगसोबत येणारे एफएफप्रोब हे साधन सांगते. पीअरट्यूब व्हिडिओचे रूपांतर एफएफएमपेगकडून करून घेते, त्यामुळे पुष्कळ गुंते तिथे सुटतात. एवढे करून सर्व्हरची आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती आणि पायऱ्या क्रमाने लिहिल्या, की प्रोग्रॅमरचा अर्धा दिवस वाचतो. आधी कुणी तीच तक्रार केली आहे का, तेही शोधावे. सुरक्षेतली फट सापडली असेल, तर ती चारचौघांत न मांडता टीमला खासगीत कळवायची असते.

कोडकडे वळायचे असेल, तर भाषा आहे टाइपस्क्रिप्ट. सर्व्हरची बाजू नोड जेएस आणि एक्सप्रेसवर, प्रेक्षकाला दिसणारी बाजू अँग्युलरवर, डेटाबेस पोस्टग्रेस, जोडीला रेडिस. मराठी मुलखातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला यातली बरीचशी नावे ओळखीची असतील. प्रकल्प लॅपटॉपवर उभा करण्याच्या सूचना त्यांच्या दस्तऐवजात नीट दिल्या आहेत. सर्व्हरांमधली देवाणघेवाण तपासायची, तर एकाच यंत्रावर तीन सर्व्हर चालवायची सोयही आहे. एकाने दुसऱ्याला फॉलो करायचे, एकीकडे व्हिडिओ चढवायचा आणि दुसरीकडे काय उमटते ते पाहायचे. अ‍ॅक्टिव्हिटीपब खऱ्या अर्थाने समजते ते अशा वेळी.

बदल लहान असेल तर थेट पाठवायला हरकत नाही. नवे वैशिष्ट्य आणायचे असेल, तर आधी इश्यू उघडून बोला आणि होकार आल्याशिवाय एडिटर उघडू नका. टीम नकार देते, आणि तो बहुतेक वेळा योग्य असतो. गाभा लहान राहिला तरच एवढ्याशा टीमला तो सांभाळता येईल. ज्यांना वेगळे काही हवे असते, त्यांच्यासाठी २०१९ पासून प्लगिनची सोय आहे. थेट प्रक्षेपणासोबतचा चॅट असाच टीमबाहेरच्या एका डेव्हलपरने प्लगिन म्हणून लिहिला आणि अनेक सर्व्हर तो वापरतात. प्लगिन तुमचे, ते सांभाळण्याची जबाबदारीही तुमची. मला ही वाटणी फार प्रामाणिक वाटते. स्वतःला न उमगलेला, यंत्राकडून लिहून घेतलेला कोड मात्र प्लगिनमध्येही घालू नये. उद्या तो बिघडला, तर दुरुस्त कोण करणार?

कोड न लिहिणाऱ्यांसाठीही इथे जागा आहे. पडद्यावरच्या मजकुराचे भाषांतर वेबलेट या साधनातून होते आणि मराठीसाठी काम करायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. वाक्यात मधेच येणारी चिन्हे, म्हणजे जिथे आकडा किंवा नाव भरले जाते त्या खुणा, तेवढ्या जशाच्या तशा राहू द्यायच्या. २०२४ पासून व्हिस्पर या बोलणे ओळखणाऱ्या प्रणालीच्या मदतीने सर्व्हर आपोआप उपशीर्षके बनवू शकतो. मराठीत ती बरीच चुकतात, आणि कान तयार असलेल्या माणसाने ती सुधारली तर ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला व्याख्यान खरोखर समजते. दृष्टिहीन वाचकांनी स्क्रीन रीडर लावून हे व्यासपीठ वापरून पाहावे आणि कुठे अडले ते कळवावे. डिसेंबर २०२४ मधल्या ७.० आवृत्तीत या बाजूने बरीच दुरुस्ती झाली आहे, पण ती पुरी पडते की नाही, हे रोज वापरणाराच सांगू शकतो. घरात दमदार संगणक रिकामा पडून असेल, तर तोही कामी येतो. २०२३ मधल्या ५.२ आवृत्तीपासून व्हिडिओ रूपांतराचे जड काम सर्व्हरबाहेरच्या यंत्राकडे सोपवता येते. ओळखीच्या सर्व्हरचालकाने नोंदणीचे टोकन दिले, की पुरे.

हे सगळे श्रम फुकट दिल्यावर उद्या एखादी कंपनी ते उचलून बंद दाराआड नेणार नाही कशावरून? उत्तर परवान्यात आहे. पीअरट्यूब एजीपीएल ३ या परवान्याखाली आहे. साध्या जीपीएलमध्ये सॉफ्टवेअर वाटले तरच कोड द्यावा लागतो. स्वतःच्या सर्व्हरवर बदल करून लोकांना नुसती सेवा पुरवणारा त्यातून सुटतो. एजीपीएलने ही पळवाट बुजवली. बदललेले पीअरट्यूब लोकांसाठी चालवायचे, तर बदललेला कोडही त्या लोकांना मिळाला पाहिजे. मी विद्यार्थ्यांना इतर प्रकल्पांपेक्षा हा प्रकल्प आग्रहाने सुचवतो, त्यामागे हे कलम आहे.

एक धोकाही सांगायला हवा. पीअर-टू-पीअर चालू असताना प्रेक्षकांचे आयपी पत्ते एकमेकांना कळू शकतात. प्रेक्षकाला आणि सर्व्हरचालकाला ही सोय बंद करता येते. एखाद्या संस्थेला पीअरट्यूब बसवून देणार असाल, तर हे आधीच समजावून सांगा.

या आठवड्यासाठी काम असे : इश्यूंच्या यादीतली एक जुनी, अनुत्तरित तक्रार निवडा. आजच्या आवृत्तीवर, तिच्यातल्याच पायऱ्यांनी, ती पुन्हा घडते का ते पाहा. घडली तर कोणत्या परिस्थितीत, आणि न घडली तर तुमच्या आवृत्तीचा क्रमांक देऊन तिथे तसे लिहा. पुढच्या लेखांकात देणगीवर चालणाऱ्या अशा प्रकल्पांचे पैशांचे गणित पाहू.