बांधावरची मोजणी

यावल अभयारण्यात, पालच्या पुढच्या एका पाड्यावर सकाळपासून मोजणी चालली आहे. जीपीएस धरलेला पोरगा पुढे, त्याच्यामागे वनरक्षक, तलाठी आणि वनहक्क समितीची माणसं. उभ्या तुरीतून वाट काढत सगळे बांधाच्या कडेने चालले आहेत.

दावेदार पावरा म्हातारा प्लास्टिकच्या पिशवीतून एक जीर्ण कागद काढतो. वनगुन्ह्याची पावती. जंगलात नांगर घातला म्हणून त्याच्या बापाला झालेला दंड. वनरक्षक आधी तारीख बघतो. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासीचा ताबा तो चार हेक्टरपर्यंत मान्य करतो, १९६९ च्या या अभयारण्यातसुद्धा. खात्याने दिलेली ही पावती आज खात्याच्याच माणसापुढे ताब्याचा पुरावा म्हणून उभी आहे. दुसरा पुरावा पायाखाली आहे.

"हाऊ बांध मना बापना हातना शे," दगडांवर काठी ठेवत म्हातारा सांगतो.

उत्तरेच्या कोपऱ्यावर मात्र सगळे थबकतात. बांधापलीकडे सालईचे ताजे बुंधे, मधूनमधून मक्याची धसकटं. "एवढंही धरा," म्हाताऱ्याचा मुलगा पोराला म्हणतो. वनरक्षकाचा चेहरा ताठ होतो. मुलाची घाई मला समजते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला, पंधरवड्यात तो स्थगितही केला. पण जमीन जाईल ही धास्ती स्थगितीने जात नाही.

वनरक्षक काही बोलणार, तोच समितीतली एक बाई पुढे येते. "ते नवं तोडलंय, दादा. ते आम्ही धरणार नाही. इथूनच वळा."

मुलगा मान खाली घालतो. पोरगा वळतो. हेच शब्द वनरक्षकाने उच्चारले असते तर इथे भांडण पेटलं असतं. जंगल राखायचं असेल तर ही रेघ गावानेच ओढली पाहिजे, आणि गाव ती तेव्हाच ओढेल जेव्हा त्याचं जुनं वावर कुणी नाकारणार नाही.

पडताळणीला वनखात्याने जागेवर हजर राहून तारखेनिशी सही करायची, असा नियम आहे. वनरक्षक शेरा लिहितो: जुना दगडी बांध आढळला. खाली सही करतो. तलाठी शाईचा पॅड पुढे सरकवतो.

"आता कागद भेटी का?" अंगठा पुसत म्हातारा विचारतो.

"आधी ग्रामसभा, मग प्रांत, मग कलेक्टरांची समिती," बाई सांगते आणि पुढच्या दाव्याची फाईल उघडते.