गृहरक्षक दल : खाकीतले शेजारी

सीमेवर सैन्य लढत असताना घर कोण राखतो? ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईत गृहरक्षक दल उभे राहिले, ते दंगलीत पोलिसांना हात द्यायला. तेव्हा आपले औरंगाबाद शहर निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला.

दलाची खरी नव्याने बांधणी झाली ती १९६२च्या चिनी आक्रमणानंतर. १९७१च्या युद्धातला ब्लॅकआउट घरातल्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो: खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. अशा काळात नागरी संरक्षणाला मदत करणारी ही माणसे एरवी दुकानात, शेतात, शाळेत राबणारी. त्यांचे मोल आपण फार कमी जाणले, असे मला मनापासून वाटते.

याच नात्यातली दुसरी फौज म्हणजे ९ ऑक्टोबर १९४९ ला सुरू झालेली प्रादेशिक सेना. तिची महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी पर्यावरण बटालियन २०१७ पासून आपल्या शहरात आहे. माजी सैनिक इथे मराठवाड्याच्या उजाड माळांवर झाडे लावतात, जगवतात.

गृहरक्षक दलात यायचे असेल, तर वय २० ते ५० आणि किमान दहावी उत्तीर्ण असावे लागते. भरती जिल्हावार निघते. जाहिरातीवर लक्ष ठेवा.