नोट, कॉस्टिक आणि एरंडेल

शंभराच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवला की जो उठाव हाताला लागतो, ती इंटॅग्लिओ छपाई. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. बाहेर चर्चा बंदोबस्ताची असते. आम्हा शाईवाल्यांत विषय निघतो धुण्याचा.

इंटॅग्लिओची प्लेट कोरलेली असते. शाई हवी फक्त खाचांत, पण लागते आजूबाजूलाही. ती पुसायला वायपिंग सिलिंडर प्लेटला घासत फिरतो आणि खालच्या टाकीत स्वतः धुऊन निघतो. कागदावर जेवढी शाई चढते, जवळपास तेवढीच या धुण्यात जाते.

परदेशांतल्या छापखान्यांत पूर्वी हे काम ट्रायक्लोरोइथिलीनसारखं सॉल्व्हंट करायचं. शाई चुटकीसरशी निघे, वाफ मात्र मशीनवरच्या माणसाच्या छातीत जाई. हे रसायन कर्करोगकारक आहे, याबद्दल आता जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला शंका उरलेली नाही. त्याच्या जागी आलं पाणी, त्यात साधारण टक्काभर कॉस्टिक सोडा आणि थोडं सल्फेटेड कॅस्टर ऑइल. म्हणजे नाक दाबून पाजलं जायचं तेच एरंडेल, सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केलेलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

खरी कसोटी शाईची होती. आमच्याकडे आलेल्या एका नव्या पोराने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, ही शाई कॉस्टिकच्या पाण्यात निघते, तर शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेलेली नोट कोरी का होत नाही?" प्रश्न ऐकून आमचे वयस्कर केमिस्ट खूश झाले. त्याला जवळ बसवून म्हणाले, "अरे, ओली शाई आणि वाळलेली शाई ही दोन वेगळी रसायनं आहेत." ओल्या शाईतल्या रेझिनमधले आम्लगट अल्कलीत सुटतात. कागदावर मात्र तिच्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट जाळं विणतं, ते मग सहजी सुटत नाही. दोन्ही गुण एकाच डब्यात बसवायचे, हीच आमची नोकरी.

मळकं पाणी अल्ट्राफिल्ट्रेशनने गाळून बरंचसं पुन्हा वापरता येतं. मागे उरतो तो काळपट स्लज. सगळे रंग एकत्र झाल्याने त्यातून रंगद्रव्य परत मिळवणं परवडत नाही. तो घातक कचरा म्हणूनच जातो. पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यांतलं पहिलंच सांगतं की कचरा मुळात होऊच देऊ नका. इथे ते काम शाई लावणाऱ्या रोलरवर होतं. त्या त्या रंगाची रेघ जिथे आहे तेवढाच भाग उंच ठेवून बाकीचा कापून टाकायचा. रेघेच्या जितकं जवळ कापाल, तितकी कमी शाई टाकीत जाते. फार जवळ गेलात तर मात्र रेघच उपाशी राहते.